दोन ओळी म्हणजे किती? प्रसूतितज्ज्ञांना एका आईचं खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना आणि त्यांच्या गावोगावच्या संघटनांना,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. हे पत्र ती झाली तेव्हाच लिहायचं होतं. पण बाळंतपण, नोकरी आणि ‘सगळं नीट पार पडलं ना, मग आता कशाला’ हे घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं, यात ते राहून गेलं. गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. पहिलटकरीण, एकोणतिसावा आठवडा, पोटात कळा. रडत रडत तिनं विचारलं, “मॅडम, पट्टीवर दोन ओळी आल्यात. दोन ओळी म्हणजे किती?” कळा आल्या तर मुदतीआधी बाळंतपण होईल का, हे ओळखायला केलेल्या चाचणीची ती पट्टी. तिला त्याची शक्यता विचारायची होती. शंभरात किती, हे विचारायचं होतं. दवाखान्यात तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मलाही नव्हतं.

माझा तिसावा आठवडा होता. रात्रीची जेवणं झाल्यावर पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. सुटायचं, पुन्हा घट्ट व्हायचं. पाठीत खालून ओढ लागायची. सासूबाईंनी ओव्याचं पाणी दिलं, पाठ शेकली, पण थांबेना. साडेअकराला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कापूस लावलेल्या काडीनं आतून स्राव घेतला, काडी एका छोट्या नळीतल्या पाण्यासारख्या द्रवात घोळवली आणि त्यात एक पट्टी बुडवली. पाच मिनिटं आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत उभे होतो. एक निळी ओळ उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी, फिकट. सहा महिन्यांपूर्वी अशाच एका पट्टीवर दोन ओळी पाहून मी न्हाणीघरातूनच नवऱ्याला हाक मारली होती, ते तेव्हा आठवलं.

“पॉझिटिव्ह आहे. शहरात हलवायला लागेल.”

“म्हणजे बाळंतपण होणार का?”

“होऊ शकतं.”

एवढंच संभाषण. त्या डॉक्टरांचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण ‘होऊ शकतं’ हे उत्तर तर कुठल्याही गरोदर बाईला, कुठल्याही दिवशी, चाचणी न करताही देता येतं.

१०८ च्या गाडीतून दीड तासाचा प्रवास झाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कळा थांबवायचं सलाइन लागलं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी बारा-बारा तासांनी चार इंजेक्शनं झाली. पलंगाच्या पायथ्याला दोन-दोन विटा लावल्या. एकोणीस दिवस मी डोकं खाली, पाय वर अशी पडून होते. डोहाळजेवणाची हिरवी साडी कपाटात घडी न मोडता राहिली. त्यानंतर घरी आणखी पाच आठवडे पलंगावर. अडतीस आठवडे आणि दोन दिवसांनी मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे.

सासूबाई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “झोपून राहिली म्हणून वाचलं.”

आता माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचं सांगते. ती माझ्या अकराव्या दिवशी आली. तिला चार दिवस आधी दुसऱ्या एका दवाखान्यात कळा येतात म्हणून नेलं होतं. पट्टीवर एकच ओळ आली, सोनोग्राफीच्या कागदावर गर्भाशयमुखापुढे, म्हणजे पिशवीच्या तोंडापुढे, ‘नॉर्मल’ लिहिलं होतं, घरी पाठवलं. परत दुखायला लागलं तेव्हा तिनं दीड दिवस काढला, कारण कागदावर सगळं बरोबर होतं. आमच्या वॉर्डात पोचली तेव्हा पिशवीचं तोंड उघडलेलं होतं. फुफ्फुसांच्या इंजेक्शनाचा एकच डोस बसला. एकोणतीस आठवड्यांचं बाळ, अकराशे ग्रॅम, सरळ पेटीत. ते जगलं, घरी गेलं. पण त्या दिवसांत ती मला पुन्हा पुन्हा एकच सांगायची: “ताई, माझंच चुकलं. मी आदल्या दिवशी हंडा उचलला होता.”

या दोन खाटांमध्ये मला जे दिसलं ते तुमच्यापुढे मांडायचं आहे. माझी चाचणी चुकली होती. तिचीही चुकली होती. पण चुकली असं दोन्हीकडे कुणीच म्हणालं नाही. पॉझिटिव्ह आली आणि बाळंतपण झालं, तर चाचणी बरोबर होती. पॉझिटिव्ह आली आणि झालं नाही, तर उपचार लागू पडला, विटा लागू पडल्या. निगेटिव्ह आली आणि झालं, तर बाईनं हंडा उचलला. अशा हिशेबात चाचणी कधी हरतच नाही. मग ती किती वेळा चुकते, हे कळणार कसं?

घरी पलंगावर पडल्या पडल्या मी वाचायला लागले. मी डॉक्टर नाही, पण आकडे वाचता येतात. जे वाचलं ते तुम्हाला नवीन नाही. आमच्यापर्यंत मात्र ते येत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गर्भाशयमुख जितकं तोकडं, तितकी मुदतीआधी बाळंतपणाची शक्यता जास्त, म्हणून त्याची लांबी मोजतात. त्याबद्दलचा एक जुना, भक्कम अभ्यास १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास २,९१५ बायकांची आतली, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली होती. लांबी सरासरी ३५ मिलिमीटर, आणि २५ च्या खाली ती तोकडी धरायची, हे माप तिथूनच रूढ झालं. त्या अभ्यासातलं प्रमाण घेऊन मी माझ्या बारावीच्या वर्गाला फळ्यावर उदाहरण घातलं. हजार बायका घ्या. त्यांतल्या ४३ जणी ३५ आठवड्यांच्या आत बाळंत होणार आहेत. त्या ४३ पैकी १६ जणींची लांबी तोकडी सापडते. २७ जणींची ठीक दिसते आणि त्या निसटतात. उरलेल्या ९५७ जणी ३५ आठवड्यांच्या आत बाळंत होणार नाहीत, पण त्यांच्यातल्या ७५ जणींचंही माप तोकडं येतं. म्हणजे ‘तोकडी आहे’ असं ऐकून घरी जाणाऱ्या ९१ जणींमधल्या ७५ जणींच्या पोटात भीतीचा गोळा उगाच येतो. ठीक आहे असं ऐकून जाणाऱ्या ९०९ मधल्या २७ जणींना खोटा धीर मिळतो.

वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मग कशाला करायची?” हा प्रश्न मी वाऱ्यावर सोडणार नाही, त्याच्याकडे पुढे येते. पण आधी त्या पट्टीचं.

कळा येणाऱ्या बाईच्या स्रावाची चाचणी वेगवेगळी प्रथिनं शोधते. त्यातलं सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं फीटल फायब्रोनेक्टिन. बाळाभोवतीचं आवरण गर्भाशयाच्या अस्तराला चिकटून राहतं, तिथला हा जणू डिंक. १९९१ साली त्यावरचं पहिलं मोठं संशोधन आलं. बावीस ते पस्तीस आठवड्यांच्या मधल्या काळात हा डिंक खाली स्रावात सहसा सापडू नये. सापडला तर आवरण सुटायला लागलं असावं, असा तर्क. तर्क चांगला आहे. पण आदल्या चोवीस तासांत नवरा-बायकोचा संबंध आलेला असेल, थोडं रक्त गेलेलं असेल, किंवा काडी घेण्याआधी आतून तपासणी झालेली असेल, तरी निकाल बिघडतो. किती जणींना त्या रात्री हे विचारलं जातं? घाईच्या वेळी हातमोजा आधी की काडी आधी, हे कोण बघतं?

या चाचणीबद्दल एक वाक्य सगळीकडे छापलेलं असतं: निगेटिव्ह आली तर ९८-९९ टक्के खात्री की पुढच्या आठवड्यात बाळंतपण होत नाही. वाक्य खरं आहे. पण अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं स्वतःच्या मार्गदर्शिकेत असंही लिहिलं आहे की मुदतीआधी कळा लागल्या असं निदान झालेल्या बायकांतल्या दहा टक्क्यांहूनही कमी जणी आठवड्याभरात बाळंत होतात. दाखल केलेल्यांपैकीही निम्म्याजणी पूर्ण दिवस भरूनच बाळंत होतात. म्हणजे चाचणी न करता, डोळे मिटून प्रत्येकीला ‘या आठवड्यात काही होत नाही’ म्हणणारा माणूसही नव्वदहून जास्त वेळा बरोबर ठरला असता. चाचणी त्या नव्वदचे नव्याण्णव करते. ही भर मोलाची आहे, घरापासून दीड तासावरच्या दवाखान्यात एखादीची रवानगी वाचवणारी आहे. पण ती भर किती आणि आधीचं किती, हे वेगळं करून सांगायला हवं. पॉझिटिव्हची गोष्ट तर त्याहून कमकुवत. पॉझिटिव्ह आलेल्या चौघी-पाचजणींत एखादीच आठवड्यात बाळंत होते. माझ्यासारख्या बाकीच्यांना विटा.

पहिलटकरणींचं काय? ज्यांचं आधीचं बाळंतपणच नाही त्यांच्याबाबत इतिहासही मदतीला येत नाही, म्हणून त्यांना चाचणीची सगळ्यांत जास्त गरज. २०१७ साली अमेरिकेतल्या ९,४१० पहिलटकरणींवरचा अभ्यास आला. कुठलीही तक्रार नसताना सोळा ते बावीस आठवड्यांत गर्भाशयमुख मोजलं, तर पुढे आपोआप मुदतीआधी बाळंत झालेल्या शंभरातल्या आठ जणी सापडल्या. बावीस ते तीस आठवड्यांत मोजलं तर तेवीस. फायब्रोनेक्टिननं दोन्ही वेळा सात-आठच्या वर सापडल्या नाहीत. शंभरातल्या ब्याण्णव निसटत असतील, तर त्या चाचणीला सरसकट सगळ्यांसाठी चाळणी म्हणता येत नाही. संशोधकांनीही नेमका हाच निष्कर्ष काढला.

आता सोनोग्राफीच्या कागदाकडे या. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला आम्हाला सांगतात, लिटरभर पाणी पिऊन या, लघवी धरून ठेवा. आम्ही बाकावर पाय आवळून बसतो. पोटावरून यंत्र फिरतं आणि कागदावर येतं: गर्भाशयमुख ३.६ सेंटिमीटर, आतलं तोंड बंद. भरलेल्या मूत्राशयाचा दाब पडून गर्भाशयमुख आहे त्यापेक्षा लांब दिसतं, हे तुम्ही जाणता. ज्या संशोधनावर २५ मिलिमीटरची रेघ उभी आहे ते सगळं आतून, मूत्राशय रिकामं करून मोजलेलं आहे. मग पोटावरून, भरल्या मूत्राशयावर घेतलेलं माप त्याच रेघेशी कसं ताडायचं? शेजारच्या खाटेवरच्या बाईचा कागद मी स्वतः हातात घेऊन पाहिला होता. माप आतून घेतलं की पोटावरून, त्यावर काहीच नव्हतं. आकडाही नव्हता. नुसतं ‘नॉर्मल’.

याचा तोटा केवळ धास्तीपुरता असता तर मी पत्र लिहिलं नसतं. आयाबायांनी याहून मोठ्या धास्ती पचवल्या आहेत. पण चाचणीच्या मागोमाग उपचार येतात. फुफ्फुसांच्या इंजेक्शनांचीच गोष्ट घ्या. ही इंजेक्शनं अनमोल आहेत. १९७२ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला ते पहिल्यांदा दाखवलं गेलं, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात भारतासह पाच देशांत पुन्हा सिद्ध झालं: नवजात मृत्यू शंभरात २३.५ वरून १९.६ वर आले. त्या अभ्यासात बाया कशा निवडल्या होत्या? दवाखान्यात, सोनोग्राफीनं आठवडे ठरवून, येत्या अठ्ठेचाळीस तासांत बाळंत होण्याचा दाट संभव असेल अशाच.

त्याच्या पाच वर्षं आधी, २०१५ साली, सहा देशांतल्या दुसऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. त्यात आपलं नागपूर होतं, शेजारचं बेळगाव होतं. तिथे तेच औषध गावपातळीवर, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अंदाजावर, जास्तीत जास्त बायकांपर्यंत पोचवलं गेलं. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू त्यानं घटले नाहीत. एकंदर बाळांमध्ये मात्र हजारामागे २३.९ ऐवजी २७.४ मृत्यू झाले आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. इंजेक्शन मिळालेल्या कित्येक बायकांची बाळं कमी वजनाची नव्हतीच; त्या वेळेवर बाळंत होणार होत्या. औषध एकच, आणि एका ठिकाणी जीव वाचले, दुसऱ्या ठिकाणी गेले. दोन्हींत मोठा फरक हा, की कुणाला द्यायचं हे किती नेमकं ओळखता आलं. या इंजेक्शनांचा गुण पहिल्या डोसनंतर साधारण चोवीस तासांपासून आठवडाभर चांगला राहतो. मला दिली तिसाव्या आठवड्यात, मुलगी झाली अडतिसाव्यात. शेजारणीला हवी होती ती चार दिवस आधी, ती मिळाली नाहीत. हा हिशेब मी किती रात्री मनात केला असेल.

आणि विटा. पडून राहिल्यानं मुदतपूर्व प्रसूती टळते याला चांगला पुरावा नाही. २०१३ साली गर्भाशयमुख तोकडं असलेल्या पहिलटकरणींची माहिती तपासली, तेव्हा हालचालीवर बंधन घातलेल्यांत ३७ टक्के जणी मुदतीआधी बाळंत झाल्या होत्या, बंधन नसलेल्यांत १७ टक्के. ज्यांची स्थिती नाजूक त्यांनाच जास्त झोपवलं असेल, त्यामुळे एवढ्यावरून झोपण्यानं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण चांगलं होतं असं म्हणायला आधार कुठे आहे? माझी पगारी नोकरी होती, घरात सासूबाई होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या, धुण्याभांड्याची चार घरं करणाऱ्या बाईला ‘दोन महिने पडून राहा’ म्हणणं म्हणजे दोन महिन्यांची मजुरी बुडवा म्हणणं. ती अर्थातच पडून राहत नाही, आणि मग काही झालं तर दोष तिचा.

मागच्या बाकावरच्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. कशाला करायची? कारण एक गोष्ट खरोखर उपयोगी पडते. मधल्या महिन्यांतल्या आतल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुख १० ते २० मिलिमीटर सापडलं आणि बाईनं योनीमार्गात रोज प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, घेतलं, तर ३३ आठवड्यांच्या आतली प्रसूती १६.१ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर येते, असं २०११ च्या अभ्यासात दिसलं. इथे चाचणी आणि उपाय एकमेकांना जोडलेले आहेत. माप घेण्यामागे काही करण्याजोगं आहे. याउलट दर आठवड्याला टोचायचं प्रोजेस्टेरॉनसारखं इंजेक्शन घ्या. आधी मुदतपूर्व प्रसूती झालेल्यांसाठी अमेरिकेत त्याला २०११ साली मान्यता मिळाली, पुढच्या मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरलं नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं मान्यता काढून घेतली. मला दवाखान्यातून घरी सोडताना तेच लिहून दिलं होतं.

इंग्लंडमधली मार्गदर्शिका मला या बाबतीत आवडली. कळा येणारी बाई तीस आठवड्यांच्या आत असेल तर चाचणीत वेळ न घालवता उपचार सुरू करा, असं ती सांगते; कारण तिथे निसटणं फार महाग पडतं. तीस आठवड्यांपुढे असेल तर आतून लांबी मोजा, १५ मिलिमीटरच्या वर असेल तर बहुधा या खऱ्या कळा नाहीत, असं समजावून सांगा. आतली सोनोग्राफी जमत नसेल तर फायब्रोनेक्टिन. चाचणी करायच्या आधीच निकालाचं काय करायचं ते ठरलेलं. तुम्हीही आपापल्या दवाखान्यात असं एक पान भिंतीवर लावू शकता. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

यंत्र न लागणाऱ्या आणखी दोन गोष्टी, मग मागणीकडे वळते. पहिली, आठवडे मोजणं. तीस की तेहेतीस हेच नक्की नसेल, तर पुढचं सगळं हवेत. आमच्याकडे अजून कितीतरी जणी ‘गणपतीनंतर पाळी चुकली’ असं सांगतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ज्यांची झाली नाही त्यांच्यासाठी गुरुग्रामच्या गर्भिणी प्रकल्पानं भारतीय बायकांच्या मापांवरून आठवडे मोजायची नवी पद्धत २०२४ मध्ये मांडली. अशी कामं जिल्ह्याजिल्ह्यात पोचायला हवीत. दुसरी, मिश्री. मुंबईतल्या १,२१७ बायकांवरचा अभ्यास २००४ सालीच प्रसिद्ध झाला आहे: न ओढायचा तंबाखू, म्हणजे मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली. माझ्या एकोणीस दिवसांत वॉर्डातल्या सहा-सात जणी सकाळी नळावर मिश्री लावताना मी पाहिल्या. केसपेपरवर तो प्रश्न नव्हता.

आमचं मागणं फार अवघड नाही. चाचणीची काडी आत घालण्याआधी दोन वाक्यं बोला. ही चाचणी निगेटिव्ह आली तर काय करणार, पॉझिटिव्ह आली तर काय करणार. दोन्ही वेळा एकच करणार असाल, तर ती करू नका. आमचे पैसे आणि आमची झोप दोन्ही वाचेल. निकाल सांगताना आकडा सांगा. ‘अशा निकालाच्या पाचजणींत साधारण एक जण या आठवड्यात बाळंत होते’, हे कुठल्याही बाईला कळतं. शाळेत न गेलेलीलाही कळतं. बाजारात ती याहून अवघड हिशेब रोज करते.

निगेटिव्ह निकाल देऊन घरी पाठवताना हेही सांगा की या कागदावर विसंबून दुखणं अंगावर काढू नका. पुन्हा पोट घट्ट व्हायला लागलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, पाठीत ओढ बसली तर त्याच रात्री या, कागदावर काहीही लिहिलेलं असो. हे एक वाक्य शेजारणीला कुणी सांगितलं असतं तर तिचा तो दीड दिवस वाया गेला नसता. सोनोग्राफीच्या कागदावर ‘नॉर्मल’ऐवजी मिलिमीटर लिहा, आणि आतून की पोटावरून तेही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं मागणं संघटनांकडे आहे. हिशेब ठेवा. ज्या ज्या बाईची अशी चाचणी झाली, तिच्या बाळंतपणाची तारीख त्याच नोंदीत, चाचणीच्या निकालाशेजारी लिहिली जाऊ दे. बाई दुसरीकडे बाळंत झाली तर फोन करून विचारा, आम्ही सांगू. वर्षाअखेरीस किती पॉझिटिव्ह, त्यांतल्या किती आठवड्यात बाळंत झाल्या, किती दिवस भरून झाल्या; किती निगेटिव्ह, त्यांतल्या किती निसटल्या, हे एकत्र करा. मी वर सांगितलेले बहुतेक आकडे परदेशातल्या बायकांचे आहेत. २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळं मुदतीआधी जन्मली, त्यांतली सुमारे ३० लाख भारतातली, जगात सर्वांत जास्त. एवढी बाळं जिथे जन्मतात तिथल्या बायकांना स्वतःच्या जिल्ह्याचा आकडा मिळायला नको का? माझी फाईल त्या मोठ्या दवाखान्यात कुठेतरी असेल. तिच्यात दोन ओळींची नोंद आहे, चार इंजेक्शनांची आहे, एकोणीस दिवसांच्या बिलाची आहे. मुलगी अडतिसाव्या आठवड्यात, आमच्या गावी झाली, ही नोंद तिच्यात नाही. चाचणीनं काय सांगितलं आणि काय घडलं, हे त्यांना आजही माहीत नाही.

आशाताईंना आणि गरोदर बायांना दाखवता येईल असं एक पान मी तयार केलं आहे. वर शंभर ठिपके, पॉझिटिव्हचे वेगळे, निगेटिव्हचे वेगळे, आणि खाली कधी धावत यायचं ते. गावातल्या आठ-दहा जणींना ते दाखवून, जिथे अडलं तिथे शब्द बदलून घेतले आहेत. वैद्यकीय बाजू तुम्ही तपासायला हवी. कुठल्याही संघटनेनं मागितलं तर मी ते घेऊन स्वतः येईन, सुट्टीच्या दिवशी, माझ्या खर्चानं.

ज्या मुलीचा फोन आला होता ती आज तेहेतिसाव्या आठवड्यात आहे. माहेरी, पलंगाच्या पायथ्याला विटा लावून झोपलेली. विटा काढायला सांगा असं मी तिच्या आईला सांगू शकत नाही, तो अधिकार तुमचा. तुमच्यापैकी तिचे जे कुणी डॉक्टर असतील त्यांनी येत्या तपासणीला तिला तेवढं सांगावं. आणि ती बाळंत झाली की तो दिवस तिच्या फाईलमध्ये त्या दोन ओळींच्या शेजारी लिहावा.

आपली नम्र,
एक आई आणि गणिताची शिक्षिका
सांगली जिल्हा